वाडा खरंच पेशवेकालीन आहे का, हे कसं शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला एक दोन चौकी वाडा आहे. पाच-सहा पिढ्या एकाच कुटुंबाकडे. घरात पूर्वापार सांगतात की पेशव्यांनी तो पूर्वजांना इनाम दिला, म्हणजे अडीचशे वर्षांचा. आता पुनर्विकासाचा करार व्हायचा आहे. वाडा पडण्याआधी त्याचा खरा इतिहास लिहून ठेवायचा आहे. हाताशी मोडी कागदांचं एक दप्तर आणि प्रॉपर्टी कार्ड. सुरुवात कुठून करावी?

जुन्या वाड्यांची मोजणी करून त्यांचे कागद लावणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. वाड्याला एकच वय नसतं. जागा कधी मिळाली, जोतं कधी घातलं, पुढचा चौक कधी उभा राहिला, माडी कधी चढली, भिंती कधी बदलल्या, या सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या निघतात. ‘जागा पेशव्यांच्या काळात मिळाली’ हे खरं असू शकतं आणि ‘आज उभं असलेलं लाकूडकाम १८८० च्या आसपासचं आहे’ हेही त्याच घराबाबत खरं असू शकतं. पेठांमध्ये माझ्या पाहण्यात आलेल्या वाड्यांपैकी बहुतेकांचा उभा सांगाडा एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याने वाड्याचं मोल तसूभरही कमी होत नाही.

असं का, ते शहराच्या इतिहासात आहे. शनिवार पेठ म्हणजे जुनं मुर्तजाबाद. १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि गावाचा मध्य कसब्याकडून इकडे सरकला. नव्या पेठा वसवताना वस्ती आणि व्यापार पाहणारे शेटे-महाजन नेमले जात आणि येऊन घर बांधणाऱ्याला काही वर्षं करात सूट मिळे. तुमच्या पूर्वजांना जागा याच काळात मिळाली असेल तर त्यात आश्चर्य नाही. पण त्यानंतर काय काय झालं ते पाहा. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळची लढाई जिंकली आणि त्यानंतर पुणं लुटलं गेलं. पाठोपाठ दुष्काळ आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, सरदार आणि कारकून पांगले, गावाची वस्ती घटली. खुद्द शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. १८७९ च्या आगीत बुधवार वाडा गेला आणि विश्रामबागवाड्यालाही मोठी झळ लागली. राजवाड्यांची ही गत, तिथे साध्या गृहस्थाच्या माती-लाकडाच्या घराचं काय होणार? ते पडलं, जागा काही वर्षं बखळ, म्हणजे मोकळी पडून, राहिली आणि पुढे त्याच जोत्यावर पुन्हा घर उभं राहिलं. ही गोष्ट पेठेत घरोघरी घडलेली आहे.

म्हणून कागद उघडण्याआधी घर वाचा. टेप, वही, टॉर्च आणि मदतीला एक माणूस घ्या. दिवाणखान्यापासून सुरुवात करू नका, कारण दर्शनी भाग प्रत्येक पिढीने आपल्या हौसेप्रमाणे बदललेला असतो. पोटमाळा, जिन्याखालची जागा, मागच्या चौकातली कोठीची खोली, जुन्या संडासाकडची भिंत, इथे कोणी हात लावलेला नसतो. घर खरं बोलतं ते इथे.

पहिलं काम खण मोजायचं. आपल्याकडे घर खणांनी बांधत आणि खणांनीच विकत. जुन्या खरेदीखतात ‘घर खण बारा’ असाच उल्लेख सापडतो. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. ते साधारण पाच-सहा फूट भरेल. एका चौकाचे सगळे खण सारखे आणि दुसऱ्या चौकात आकडा एकदम बदललेला दिसला, तर ती दोन वेगळी बांधकामं आहेत. जिथे दोन खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत, माजघरातून मागच्या सोप्यात जाताना विनाकारण एक पायरी लागते, किंवा भिंतीत जोत्यापासून वरपर्यंत एक सरळ उभी रेघ दिसते, तिथे जुन्याला नवं जोडलेलं आहे. हे सांधे नकाशावर लाल पेन्सिलीने दाखवा. वाड्याचा निम्मा इतिहास या लाल रेघांत सापडतो.

मग साहित्य पाहा. पेशवाईतली वीट चपटी, इंच-दीड इंच जाडीची. आपल्या ओळखीची नऊ इंची जाड वीट इंग्रजी अमदानीत रूढ झाली. छपराला खांब, आढं आणि वासे अशी जुनी रचना आहे, की पोलादी पट्ट्या आणि बोल्ट मारलेली तिकोनी कैची आहे? कैची असेल तर ते छप्पर इंग्रजी पद्धत शिकलेल्या सुतारांचं. नळीची कौलं जुन्या रिवाजाची. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, तेव्हा ती त्याआधीची असूच शकत नाहीत. पुष्कळ कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, ते उतरवून घ्या. अर्थात कौलं बदलणं सोपं, त्यामुळे त्यावरून फक्त छपराची तारीख कळते. लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या कडेवर कंपनीचं नाव शोधा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं ते १९१२ पासून. चौकोनी, हाताने ठोकलेला, वेड्यावाकड्या डोक्याचा खिळा जुना आणि गोल तारेचा नंतरचा. दार उखळीत फिरणाऱ्या लाकडी खुंटीवर आहे की बिजागरीवर, कोनाडे महिरपी आहेत की झडपा लावून त्यांची फडताळं केली आहेत, तक्तपोशीच्या, म्हणजे छताच्या, फळ्या रंधलेल्या आहेत की तासलेल्या, सगळं टिपा. रस्त्याच्या बाजूला ओतीव लोखंडाचा कठडा असलेली गॅलरी असेल, तर ती बहुतेक भाडेकरू ठेवण्याच्या काळातली. तो काळ पुढे घेतो.

नक्षीच्या खांबांबद्दल मात्र सावध राहा. सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, वर केळफुलं लोंबणाऱ्या महिरपी, हे पाहिलं की कोणीही ‘पेशवेकालीन’ म्हणून मोकळा होतो. पण चांगलं सागवान कोणी फेकत नसे. मोडलेल्या वाड्यांचं लाकूड विकलं जाई आणि नव्या घरात बसवलं जाई; आजही जुन्या लाकडाच्या वखारी चालतात त्या याच व्यवहारावर. खांबाच्या अंगावर वापरात नसलेल्या खाचा, बुजवलेली भोकं, कापून आखूड केलेलं टोक दिसलं की समजा, हा खांब आधी दुसऱ्या घरात उभा होता. खांब १७८० चा आणि घर १८७० चं, असं अगदी सहज असू शकतं. लाकडाची कार्बन चाचणी करावी का, असं बरेच जण विचारतात. पैसे घालवू नका. गेल्या साडेतीनशे वर्षांतल्या लाकडाला ती पद्धत नेमकी तारीख देऊ शकत नाही, आणि दिली तरी ती झाडाची असते, घराची नाही.

आता नदीकडच्या वाड्यांची खास गोष्ट. तुमच्या वाड्यात ती नक्की शोधा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार पेठांच्या सखल भागांत पाणी शिरलं. जुन्या वाड्यात भार पेलतो तो लाकडी सांगाडा. मधल्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या. पाण्यात तासन् तास उभी राहिली की ती माती विरघळते. कित्येक घरं अशी बसली. पण जिथे सागवानाचे खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, घट्ट होते, तिथे भिंती वाहून गेल्या तरी सांगाडा आणि माडी तशीच उभी राहिली. पुढे वर्षा-दोन वर्षांत त्या खांबांमध्ये पक्की वीट आणि सिमेंट भरून घेतलं गेलं. त्यामुळे या भागात असे वाडे दिसतात की ज्यांचा तळमजला १९६२ चा आणि माडी १८७० ची आहे. खालून वर जाताना घर जुनं होत जातं! कोणी नवखा अभ्यासक तळमजल्याच्या सिमेंटच्या भिंती पाहून ‘हा वाडा अलीकडचा’ असा शेरा मारून निघून जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. खांबांची खालची टोकं तपासा. लाकडावर एका ठराविक उंचीपर्यंत रंग उडालेला, शिरा वर आलेल्या, आणि त्याच्यावर एकसारखा गुळगुळीत भाग दिसला, तर पाणी कुठवर होतं ते तिथेच लिहिलेलं आहे. जमिनीपासून मोजून उंची नोंदवा.

आणि भुयार. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाड्यात शनिवारवाड्याला किंवा पर्वतीला जाणारं भुयार असल्याचं सांगतात. मला दाखवलेली भुयारं तळघरं होती, धान्याची बळदं होती, नाहीतर पाण्याच्या नळाचे उच्छ्वास. हे शेवटचं निघालं तर ती फारच मोलाची गोष्ट. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणलं, जागोजाग हौद बांधले आणि काही वाड्यांना त्यावरून पाणी दिलं. ओढ्यासारखी रचना, उतारावर चालणारी, मध्ये मध्ये हवा खेळायला आणि गाळ काढायला उच्छ्वास. तुमच्या चौकात आड आहे की हौद, हे म्हणून पाहायचं. आड म्हणजे जमिनीचं पाणी. हौदाला बाहेरून येणारी खापरी नळी लागली, तर त्या घराला नळाचं पाणी मिळण्याइतका मान किंवा पैसा होता, आणि अशा जोडणीची नोंद दप्तरात शोधण्यात अर्थ आहे.

इथून कागदांकडे वळू. सगळ्यात आधी नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तर घ्याच, पण तिच्यावर थांबू नका. त्या जागेची ‘चौकशी नोंदवही’ मागा. भूमापन झालं तेव्हा जागेवर कोणी हक्क सांगितला, कोणता कागद दाखवला, कोणी हरकत घेतली, हे तिथे असतं, आणि पुष्कळदा आणखी एक पिढी मागे जाता येतं. त्या वेळी दिलेली सनद घरात असेल तर तिच्यावरची जागेची आकृती आजच्या नकाशाशी ताडून पाहा. रस्तारुंदीत किती गेलं, शेजाऱ्याला बोळ कधी दिला, ते उघड होतं. एक घोळ टाळा: जुना पालिकेचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर हे वेगवेगळे असतात. पत्रांवरचे पत्ते, जुन्या मतदार याद्या आणि घरपट्टीच्या पावत्या घर नंबराने चालतात, मिळकत पत्रिका सर्व्हे नंबराने. दोन्हींचा मेळ आधी घाला, नाहीतर शेजाऱ्याचा इतिहास आपला म्हणून लिहाल.

मोडी दप्तर जाणकाराकडून वाचून घ्या. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे, तिथे मोडी वाचणारी माणसं भेटतात. पण वाचनाला देण्याआधी तुम्हाला स्वतःला करता येण्यासारखं बरंच आहे. कागदावर मुद्रांक आहे का बघा. राणीचा मुखवटा असेल तर १९०१ च्या आधीचा, सातवा एडवर्ड असेल तर १९०१ ते १९१०, पुढे पंचम जॉर्ज १९३६ पर्यंत. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा आणि संवत्सराचं नाव जुळतं का ते जरूर तपासा. शके १६९७ म्हणजे मन्मथ संवत्सर, इसवी १७७५-७६. अरबी संख्याशब्दांत ‘सीत सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असेल तर ते शुहूर सन (मराठी दप्तरातली एक कालगणना) ११७६, म्हणजे तेच साल. शक एक सांगतो, संवत्सर दुसरंच आणि शुहूर सन तिसरं, असं निघालं तर तो कागद नंतरची नक्कल आहे किंवा त्याहून वाईट काही. इनामाच्या कागदांत हे वारंवार दिसतं, कारण १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि प्रत्येकाला आपल्या हक्काचा पुरावा उभा करावा लागला. त्या चौकशीत अनेक घराण्यांचे कागद सरकारजमा झाले. तेव्हा ‘सनद होती पण हरवली’ असं घरात सांगत असतील, तर ती कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात, पेशवे दप्तराच्या हजारो रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, कुठेतरी असण्याची शक्यता आहे. पेशवाईत घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालीत होत असे, पेठांच्या खानेसुमाऱ्याही झाल्या. शोधायला वेळ लागतो, पण पेठेचं नाव आणि घराण्याचं आडनाव घेऊन गेलात तर वाट सापडते.

कागद वाचताना सगळे मालकाचं नाव शोधतात. मी आधी चतुःसीमा वाचतो. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्याची बखळ. शेजारी महत्त्वाचे अशासाठी की तुमचे कागद पुरात गेले असले तरी शेजाऱ्याच्या खरेदीखतात तुमचा वाडा त्याची एक सीमा म्हणून आलेलाच असतो, तेव्हाच्या मालकाच्या नावासकट. आजूबाजूच्या चार घरांचे कागद पाहायला मिळाले तर तुमच्या घराची मालिका पुन्हा उभी करता येते. शेजाऱ्यांकडे जाताना पुनर्विकासाच्या वादाची छाया असते हे मला ठाऊक आहे. वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि फोटोची परवानगी आधी मागा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी आणि कुलवृत्तान्त यांनी पिढ्यांचा क्रम लागतो. मात्र कुलवृत्तान्तातली ‘पेशव्यांनी वाडा दिला’ ही ओळ दुसऱ्या पुराव्याशिवाय उचलू नका.

आणि आता ज्या भागाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो. कागद मालकांचा इतिहास सांगतात. तुमच्या वाड्यात मालकांपेक्षा कितीतरी जास्त माणसं बिऱ्हाडकरू म्हणून राहून गेली आहेत. १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज निघालं. शिकायला, नोकरीला माणसं पुण्यात आली आणि वाड्यांच्या खोल्या भाड्याने गेल्या. बाहेरून वेगळे जिने निघाले, सोपे फळ्यांनी बंद झाले, चौकात नळकोंडाळं आलं. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, बिऱ्हाडकरू जागा सोडेनात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण त्याच बिऱ्हाडांत घराची खरी स्मृती आहे. बुधवार पेठेतला भिडेवाडा पाहा. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी तिथे मुलींची शाळा भरवली, आणि त्या वाड्याचं नाव महाराष्ट्रभर आहे ते याच कारणाने. डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण झालेली ती वास्तू स्मारकासाठी पाडली गेली. गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. पाणी कोणाला मिळत होतं, पुढच्या चौकाच्या पलीकडे कोणाला येऊ देत नव्हते, विधवा बायकांची खोली कुठली, हाही वाड्याचाच इतिहास आहे. तो लपवून लिहिलेला वृत्तान्त मला अपुरा वाटतो.

म्हणून बिऱ्हाडकरूंशी बोला, आणि आधी म्हाताऱ्या बायकांशी. ‘वाडा किती जुना’ असं विचारू नका, उत्तर पेशव्यांपाशीच जाऊन थांबेल. चूल कुठे होती, गॅस कधी आला, बाळंतिणीची खोली कोणती, पाणी कुठून भरायचात, पुरानंतर परत आलात तेव्हा कोणती भिंत नव्हती, लग्न होऊन आलात तेव्हा हा जिना होता का, असं विचारा. जुन्या भाडेपावत्या, लग्नातले फोटो मागा. चौकात काढलेल्या मुंजीच्या फोटोत मागची भिंत, खिडकी, कठडा सगळं दिसतं, आणि मुंजीचं साल घरात सगळ्यांना पाठ असतं. करार झाला की ही माणसं शहराच्या चार टोकांना पांगतील. कागद नंतरही मिळतील, ही माणसं एकत्र मिळणार नाहीत.

करारावर सही करण्याआधी इतकं करा. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, हे लेखी विचारून घ्या. असेल तर पाडण्याचे नियम वेगळे आहेत. प्रत्येक मजल्याचा मोजून नकाशा आणि दोन्ही चौकांचे उभे छेद काढून घ्या, वास्तुकला शिकणारे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. प्रत्येक खोलीचे चारही भिंतींचे फोटो, पट्टी धरून. मोडी कागदांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावू नका, सुती कापडात सपाट ठेवा. मूळ प्रती बिल्डरला किंवा वकिलाला देऊ नका, छायाप्रत पुरते. आणि पाडकामाच्या वेळी स्वतः हजर राहण्याची अट करारात घाला. जोतं उकललं की खालचं जुनं जोतं, चपट्या विटांचा थर, खापरी नळ, जे काही इतकी वर्षं झाकलेलं होतं ते काही तास दिसतं. त्या दिवशी कॅमेरा आणि लाल रेघांचा तो नकाशा बरोबर ठेवा, आणि जे निघेल ते त्यावर जागच्या जागी मोजून दाखवा.